बहुधा

एकोणऐंशी साली धरणगावच्या पोस्टात एक डबी आली,
गोल, पत्र्याची, कस्टमवाल्यांनी उघडून पुन्हा चिकटवलेली.
पोस्टमास्तर हसले : "बाई, सिनेमा कुठला?"
दमयंती भावसार म्हणाल्या, "मेरीलँडचा.
सोळाशे ऐंशी ते नव्वद. सगळी पात्रं मेलेली."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई.
वाचनयंत्राची काच पुसायची, पंखा बंद ठेवायचा
आणि लाईट गेली की बाईंच्या रिळाला बोट लावायचं नाही,
एवढंच माझं इतिहासातलं काम.

पडद्यावर उलटी पांढरी अक्षरं, काळ्या रात्रीत सांडलेल्या ज्वारीसारखी.
बाई मला मराठीत सांगत :
माणूस मेला की शेजारी यायचे, घर मोजायचे, लिहून घ्यायचे.
गाय एक, आंधळी.
तंबाखू दोन पिंपं.
तवा, तडा गेलेला.
मुलगी, नाव मॉल, वय नऊ. किंमत गायीहून जास्त,
घोड्याहून कमी.
तिथे त्यांनी खटका दाबला. अंधार.
"लाईट गेली का?" मी विचारलं.
"नाही," म्हणाल्या.

मार्गदर्शक म्हणाले होते : शिवकाल घ्या, गेलाबाजार पेशवाई घ्या,
हे परक्यांचं भांडीकुंडी कशाला?
बाईंचे आजोबा रंगारी. कोपरापर्यंत निळे हात,
आणि उधारीची लाल वही.
त्या वहीतच बाई अक्षरं शिकल्या.
कोणाकडे काय नाही, हे ओळींमधून वाचायला
त्यांना पुण्याला जावं लागलं नाही.

एकतीस वर्षं. चार निबंध. एक पुस्तक, परदेशात छापलेलं,
त्याची एक प्रत आमच्या कपाटात.
मागच्या कार्डावर एकच सही, माझी.
मला इंग्रजी येत नाही. घरी नेलं, उशाशी ठेवलं, मुदतीत परत केलं.

अमेरिकेला त्या एकदाच गेल्या, अकरा दिवस.
नदी कशी आहे, मी विचारलं.
"रुंद. पण पाणी गिरणेसारखंच गढूळ. मला बरं वाटलं."

आणि मग तो शब्द.
एका विधवेच्या यादीत, पेटीच्या तळाशी :
कापड, तुकडा एक, निळं, कसरीने खाल्लेलं, डे... गाम.
मधली तीन अक्षरं शाईच्या डागाखाली.
सहा संध्याकाळी बाई त्या डागासमोर बसल्या.
इंग्रजांची वखार होती आपल्या गावात, हे पोरांनाही पाठ.
निळा कोणाच्या हाताचा असेल, हे मला सांगायला नको होतं.
सातव्या दिवशी त्यांनी तळटीप लिहिली, एका ओळीची.
पहिला शब्द : बहुधा.

बातमी कशी फुटली कोण जाणे (मीच सांगितली, चहाच्या टपरीवर).
चौकात कापडी फलक चढला :
धरणगावचं कापड अमेरिकेत!
बाई रिक्षाने आल्या, वर बघितलं, पेंटरला म्हणाल्या,
"सुरुवातीला बहुधा टाका."
"जागा नाही, मॅडम."
म्हातारे लोटन साळी काठी आपटत पुढे झाले :
"आमनंच शे ते कापड, बाई! मंग लिखी टाका ना!"
"असेल, आबा. मलाही तसंच वाटतं.
पण डाग खरा आहे. तो मला पुसता येत नाही."
शेवटी पेंटर शिडीवर चढला, दोन शब्दांच्या मध्ये
कावळ्याच्या पायासारखी खूण केली, आणि वर
बारीक अक्षरांत ते बसवलं.
सत्काराच्या भाषणात ते कोणी वाचलं नाही.

यंदा कॉलेजने भंगार काढलं. यादी करायला मीच.
टेबल एक, पाय मोडका. नकाशा एक, वाळवी लागलेला.
वाचनयंत्र एक.
क्लार्क ओरडला, "चालू की बंद, ते लिहा!"
खटका दाबला. जरा वेळ काहीच नाही,
मग काचेच्या आत, खोल, काहीतरी उजळल्यासारखं झालं,
की खिडकीतलं ऊन होतं ते.
मी लिहिलं :
बहुधा चालू.